सिनॅप्सचं वर्किंग मॉडेल (नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेलं): दिवा लागतो, पण विझत नाही

दोन महिने झाले घेऊन, चांगलं उलटंपालटं करून वापरून झालंय, म्हणून आता लिहितो. ५ पैकी साडेतीन स्टार. खरं तर तीनच देणार होतो, अर्धा का वाढवला ते पुढे येईल.

पोरगी नववीला. शाळेत विज्ञान प्रदर्शन. दरवर्षी वर्गातली चार-पाच पोरं खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन ज्वालामुखी करतात, यावर्षी बाईसाहेबांना ते नको होतं. म्हणे दोन चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात ते दाखवायचंय. मी म्हटलं थर्माकोल आण, रंग दे, टाचण्या लाव, झालं. तर "पप्पा, वर्किंग पाहिजे." आता वर्किंग म्हटल्यावर बाप आला कामाला.

मेन रोडच्या मागच्या गल्लीत शाळा-कॉलेजला साहित्य पुरवणारं एक जुनं दुकान आहे, सांगाडा, नकाशे, टेस्ट ट्यूब, सगळं एकावर एक रचलेलं, आत शिरायचं तर आडवं होऊनच. पार्किंगचा विषयच सोडा, गाडी लांब लावून रविवार कारंजावरून चालत गेलो. दुकानवाल्या काकांनी माळ्यावरून धूळ झटकून खोकं काढलं, "साहेब, ब्रेनचं आहे, बटण दाबलं की दिवा लागतो." एवढंच डेमॉन्स्ट्रेशन. छापील किंमत १६५०, घासाघीस करून १५०० ला दिलं. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण पुढे मी थोडी नावं ठेवणारे.

आत काय आहे ते सांगतो. वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा एक गड्डा, म्हणजे बोलणाऱ्या पेशीच्या शेपटीचं टोक. खाली एक पाटी, त्यावर पाच कप, म्हणजे ऐकणारी पेशी. दोन्हीच्या मधे ४ सेंटिमीटर मोकळी जागा, तोच सिनॅप्स. बटण दाबलं की शेपटीवरून लाल दिवे पळत येतात (हा करंट), टोकाला आले की बाजूची एक झडप उघडते, निळे मणी आत घरंगळतात, त्यांच्या वजनाने एक दांडी कलते आणि आतला प्लास्टिकचा चेंडू खालून फाकतो, त्यातून लाल मणी पडतात, कपात जाऊन बसतात, कपात पत्तीचा स्विच आहे तो दबला की खालच्या पेशीचा हिरवा दिवा लागतो. नंतर मणी कपाच्या बुडातल्या भोकातून ट्रेमधे गळतात आणि दिवा विझतो. म्हणजे विझायला पाहिजे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते निळे मणी. ते कॅल्शियम. बहुतेक चार्टमधे करंट आला आणि रसायन सुटलं एवढंच दाखवतात, मधली पायरी गाळूनच टाकतात. खरं म्हणजे करंट शेपटीच्या टोकाला येऊन थांबतो, पलीकडे उडी मारत नाही. तिथे तो फक्त दार उघडतो, बाहेर आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट जास्त कॅल्शियम दाटीवाटीने उभं असतं ते आत घुसतं, आणि ते घुसलं की रसायनाच्या पिशव्या भिंतीला चिकटून फुटतात. आमच्या खता-औषधांच्या धंद्यात कॅल्शियम म्हटलं की कॅल्शियम नायट्रेटची बॅगच डोळ्यासमोर येते, त्यामुळे मला हे नव्याने कळलं असं नाही पण दांडी कलताना बघितल्यावर जास्त पटलं. हा पार्ट ज्याने डिझाइन केला त्याला सलाम.

आता बुकलेट. इंग्रजीतलं बरं आहे. मराठीतलं कुठल्यातरी मशिनीत घालून काढलंय. "चेतापेशी गोळीबार करते." म्हणे "फायर्स"चं भाषांतर, अहो! पोरगी दहा मिनिटं लोळून हसत होती. दुसऱ्या पानावर "पुन्हा उचल" असा एक शब्द, मला वाटलं मजुरांच्या उचलीबद्दल आहे की काय, मग इंग्रजी पान बघितलं तेव्हा कळलं, सुटलेलं रसायन पेशी परत आत ओढून घेते त्याबद्दल आहे. डिप्रेशनची बरीच औषधं हेच परत ओढणं कमी करतात, सेरोटोनिन नावाचं रसायन मधल्या फटीत जास्त वेळ टिकावं म्हणून, पण "पुन्हा उचल" वाचून कोणाला काय बोध होणार.

इतिहासाचं पान मात्र झकास आहे. ऑटो लोवी नावाचा शास्त्रज्ञ, १९२१ चा प्रयोग. दोन बेडकांची हृदयं काढून मिठाच्या पाण्यात ठेवली, धडधडतायत. पहिल्याची मज्जातंतू करंट देऊन चेतवली, ते हळू झालं. मग त्या पहिल्याच्या भोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्यावर टाकलं, तेही हळू! म्हणजे निरोप तारेतून गेला नाही, पाण्यातून गेला. या प्रयोगाची आयडिया त्याला स्वप्नात आली होती, रात्री उठून चिठ्ठीवर लिहून ठेवली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, मग दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं तेव्हा सरळ उठून लॅबमधे गेला, असं तो स्वतः सांगायचा. १९३६ ला नोबेल मिळालं, हेन्री डेलसोबत वाटून. त्या पाण्यात होतं अ‍ॅसिटिलकोलिन. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मोजमापाचं सांगतो कारण इथे मॉडेल जरा फसवतं. खरी फट साधारण २० नॅनोमीटर. मॉडेलमधे ४ सेंटिमीटर. म्हणजे २० लाख पट मोठी केलीय. या हिशोबाने आपल्या कमरेतून पायाच्या बोटाकडे जाणारा मीटरभर लांब तंतू २००० किलोमीटर होतो, म्हणजे नाशिकहून निघून कोलकात्याच्याही पुढे. हे पोरीने पाटीवर लिहिलं प्रदर्शनात, लोकांनी याचाच सगळ्यात जास्त फोटो काढला. चेंडू म्हणजे पिशवी ८ सेंटिमीटरची आहे, ती स्केलमधे बरोब्बर आहे. पण मणी? मणी हरभऱ्याएवढे दिलेत. स्केलने बघितलं तर एकेक रेणू मोहरीच्या दाण्याएवढा पाहिजे, आणि चेंडूत दहा मणी नाही तर खऱ्या पिशवीसारखे पाच-दहा हजार पाहिजेत.

तर आम्ही काय केलं, घरातली मोहरी भरली. बरणीभर. बटण दाबलं. निळे मणी आले, दांडी कलली, चेंडू फाकला आणि पुढचे तीन दिवस आमच्या किचनमधे फ्रिजखालून, मिक्सरमागून, चपलेतून मोहरी निघत होती. बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण एक सांगतो, ज्या क्षणी ती मोहरी एकदम सुटून पाची कपांवर पडली ना तेव्हा डोक्यात शिरलं की हे काम थेंबाथेंबाने होत नाही, पिशवीच्या पिशवी एकदम रिकामी होते. बर्नार्ड कॅट्झने १९५० च्या दशकात हेच सिद्ध केलं, रसायन नेहमी ठरावीक मापाच्या पुड्यांमधेच सुटतं, अर्धी पुडी कधी नाही. त्यालाही १९७० ला नोबेल मिळालं. खऱ्यात हे सगळं एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळात उरकतं, आमच्या मॉडेलला तीन सेकंद लागतात, तेवढं चालतं.

आता तक्रार.

दुसऱ्याच दिवशी मणी कपात अडकायला लागले. बुडातलं भोक आणि मणी एकाच मापाचे, कपाळ कोणाचं बडवायचं. मणी अडकला की पत्ती दबलेलीच, दिवा लागलेलाच. मॉडेल उचलून उलटं करून थोपटायचं, मगच विझतो. पोरगी रडकुंडीला आली, "पप्पा, बिघडलं, परत देऊन या."

मी बघतच राहिलो. हिरवा दिवा लागलाय, बटण कोणी दाबलेलं नाही, वरून मणी पडत नाहीयेत, आणि खालची पेशी आपली "आलं, निरोप आला, निरोप आला" करत बसलीय. म्हटलं बाई, हे बिघडलं नाही, हे आपल्या आप्पांना झालं होतं ते आहे.

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते, मातोरीला राहतात. २०१४ च्या सप्टेंबरात टोमॅटोच्या प्लॉटवर पाठीवरच्या पंपाने फवारत होते, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पंप झाकणातून गळत होता, पाठ भिजली होती आणि यांना वाटलं घाम आहे. औषध ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं. दुपारी घरी आले तर तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, बनियन पिळून काढावं इतका घाम, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि दंडावरचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं, थांबतच नव्हतं, हात मी धरला होता म्हणून सांगतो. गाडीत घालून नाशिकला आणलं. डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला, अंग साबणाने धुवायला लावलं आणि अ‍ॅट्रोपीन चालू केलं, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं.

मी बीएस्सी अ‍ॅग्री, दिंडोरी रोडला कृषी सेवा केंद्र, ही औषधं मी रोज विकतो. गट, क्रिया, काढणीपूर्व दिवस, सगळं पाठ. तरी त्या रात्री वॉर्डाच्या बाहेर बसून पहिल्यांदा नीट समजलं. अ‍ॅसिटिलकोलिन स्नायूला "आवळ" सांगतं. सांगून झालं की त्याला तिथून काढायला पाहिजे, नाहीतर स्नायू आवळलेलाच. त्यासाठी फटीतच एक एन्झाइम बसलेलं असतं, अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज, त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो दाणे तोडतो, अर्धा तुकडा कोलिन परत वरच्या पेशीत जातो आणि नव्या मालाला वापरला जातो. ऑरगॅनोफॉस्फेट काय करतं, या एन्झाइमलाच बांधून टाकतं. मग निरोप येत राहतात, पुसायला कोणी नाही. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं. शेवटी स्नायू इतका दमतो की ऐकणंच बंद करतो, आणि त्यात श्वासाचे स्नायूही आले.

आणि अ‍ॅट्रोपीन म्हणजे एन्झाइमची सुटका नाही बरं का, बऱ्याच जणांना तसं वाटतं. ते फक्त कपांवर झाकण घालतं, तेही ग्रंथींच्या आणि हृदयाच्या कपांवर, म्हणून लाळ थांबते, नाडी सुधारते. हातापायाच्या स्नायूंचे कप वेगळ्या जातीचे, त्यांच्यावर ते झाकण बसतच नाही. म्हणून आप्पा चार दिवस व्हेंटिलेटरवर होते. एन्झाइम सोडवायला वेगळं औषध असतं, पीएएम म्हणतात, पण तेही लवकर दिलं तर, उशीर झाला की गाठ पक्की बसते. वाचले. २०१७ ला यवतमाळला फवारणीत शेतकरी दगावले त्या बातम्या आल्या तेव्हा आप्पांनी टीव्ही बंद केला होता.

तर मुद्दा हा की बुकलेटमधे लिहिलंय, "मणी आपोआप निघून जातात." नाही जात हो आपोआप! थोडे इकडेतिकडे वाहून जातात हे खरं, पण मेन काम एकतर एन्झाइम करतं नाहीतर पेशी परत ओढून घेते. बोलणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच पुसणं, आणि १५०० रुपयांच्या मॉडेलमधे पुसणारा एकही पार्ट नाही, नुसतं भोक. इथे दीड स्टार गेला.

अजून एक कमी (अर्धा स्टार इथे गेला), पाचही कप एकाच जातीचे, म्हणजे निरोप फक्त "चल" असाच. मेंदूत "थांब" सांगणारे सिनॅप्सही भरपूर असतात, गाबा नावाचं रसायन तेच करतं. हे नसेल तर सगळंच पेटेल, फिट येते तेव्हा साधारण तेच होतं. एखादा लाल दिव्याचा कप दिला असता तर काय बिघडलं असतं.

यावरून आठवलं. प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी पोरगी माझ्या दुकानात आली होती, तिला कीटकनाशकांचं कपाट दाखवलं. म्हटलं हे बघ, तुझं अख्खं मॉडेल इथे बाटल्यांत भरलंय. क्लोरपायरीफॉस, हे पुसणाऱ्याला बांधतं. त्याच्या शेजारी इमिडाक्लोप्रिड, हे स्वतःच मण्याचं सोंग घेऊन किड्याच्या कपात जाऊन बसतं आणि ते एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. स्पिनोसॅड, द्राक्षावरच्या थ्रिप्सला मारतो आपण, ते त्याच कपाला पण वेगळ्या जागी धरतं. अबामेक्टीन, लाल कोळीसाठी, ते "थांब" वाली दारं उघडून ठेवतं, कोळी बिचारा थांब थांब थांब ऐकत लुळा पडतो, आणि ती विशिष्ट दारं माणसात नसतात. सायपरमेथ्रीन सिनॅप्सवर नाही, त्याच्या अलीकडच्या तारेतच गडबड करतं. पोरगी म्हणाली पप्पा, मग डावणीचं औषध? म्हटलं ती बुरशी, तिला कुठल्या आल्यात चेतापेशी. गिऱ्हाईक उभं होतं ते पण ऐकत राहिलं, मग म्हणे दादा मला लाल त्रिकोणवालं (म्हणजे सगळ्यात विषारी) नको, दुसरं दाखवा. झालं ना काम.

मग आम्ही पार्ट बनवला. जुन्या टूथब्रशचं डोकं कापलं, सायकलच्या स्पोकला बांधलं, कपांच्या वरून सरकवता येईल असं. मणी बाजूला काढून ठेवले, त्याऐवजी दोन-दोन छोटे मणी वेलक्रोच्या तुकड्याने जोडले, ब्रश फिरला की ओढाताणीत सुटतात, अर्धे ट्रेमधे, अर्धे पोरगी हाताने परत वरच्या गड्ड्यात टाकते. हे अर्धे म्हणजे कोलिन. आणि एक रबर बँड, तो ब्रशच्या दांडीला अडकवला की ब्रश हलत नाही. रबर बँडवर तिने स्केचपेनने लिहिलं "फवारणी". पेनाची टोपणं कपांवर ठेवायला, ते अ‍ॅट्रोपीन, पण मुद्दाम दोनच कपांवर बसतील अशी, बाकीच्या तीन कपांची तोंडं तिने टेप लावून बारीक केली.

मधल्या काळात कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कंप्लेंट टाकली होती. चार दिवसांनी रिप्लाय, "कृपया मण्यांना टाल्कम पावडर लावा." मला वाटलं चेष्टा करतायत. लावून बघितली तर खरंच अडकायचे थांबले ओरिजिनल मणी! म्हणून तो अर्धा स्टार परत दिला. पण आधी सांगितलं असतं तर आम्ही काहीच बनवलं नसतं, हे पण आहे.

प्रदर्शनाला आप्पा आले होते, मातोरीहून स्कूटरवर, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरीने त्यांना बटण दाबायला दिलं. दिवा लागला, ब्रश फिरवला, विझला. परत दाबलं, लागला, विझला. मग तिने रबर बँड अडकवला आणि म्हणाली आप्पा आता दाबा. दिवा लागला तो लागलाच. आप्पा त्या दिव्याकडे बघत उभे, मागे लाइन लागलेली. मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून तो रबर बँड काढला, ब्रश सरकवला आणि दिवा विझल्यावर म्हणाले, "एवढंच होतं व्हय."

नंबर दुसरा आला, पहिला ड्रिपच्या मॉडेलला. परीक्षक बाईंनी विचारलं किट विकतचं आहे ना, पोरीने सांगितलं हो, ब्रश आमचा आहे.

घ्यायचं असेल तर: सातवीपासून पुढच्यांना समजतं, लहान भावंड असेल तर मणी तोंडात जाण्याची भीती आहे, जपून. ९ व्होल्टची बॅटरी सोबत येत नाही, दुकानातून निघतानाच दोन घ्या कारण पळणारे दिवे बॅटरी खातात, आमच्या तीन संपल्या. खोकं दुकानातच उघडून कपातून मणी गळतो का ते बघा, दुकानवाले काका नाही म्हणत नाहीत. संध्याकाळी सहानंतर त्या गल्लीत जाऊ नका, सकाळी अकराला जा. आणि मोहरी भरायचीच असेल तर खाली चादर अंथरा.